अनुवाद : शब्दांच्या व्यापारातील अचौर्य

ठाण्याहून बाळकुम मागे टाकून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर काल्हेर लागते. आज हे गाव ओळखले जाते ते गोदामांमुळे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाळे, दारात उभे असलेले ट्रक आणि टेम्पो, पाठीवर गोणी घेतलेले हमाल आणि हातात चलन घेऊन नग मोजणारा मेहताजी. गोदामात माल तयार होत नाही. तो एका गाडीतून उतरतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो. या उतरण्या-चढण्यात नग कमी होऊ नये, भिजू नये, एकाचा दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, एवढीच गोदामवाल्याची जबाबदारी. ऐकायला ती लहान वाटते. पण याच जबाबदारीवर पेढीची पत उभी असते.

काल्हेरमधील अशाच एका गोदाम-मालकाचे कुटुंब काही वर्षांपूर्वी भिवंडीतील जुन्या घरातून येथील नव्या संकुलात राहायला आले. घर आवरताना माळ्यावरून एक कापडी बासन निघाले. त्यात दिवंगत सासऱ्यांच्या सात वह्या होत्या. अनेक चातुर्मासांत ऐकलेल्या प्रवचनांची टिपणे त्यांनी गुजरातीत, बारीक अक्षरांत लिहून ठेवली होती. मुलांचे शिक्षण मराठीतून झालेले, नातवंडांचे इंग्रजीतून. घरात सर्वजण गुजराती बोलत. पण गुजराती लिपी वाचू शकणाऱ्या एकट्या ‘बा’ उरल्या होत्या. वह्या रद्दीच्या ढिगावर गेल्या, त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. जे वाचता येत नाही ते कागद, एवढाच साधा हिशेब त्यामागे होता.

त्या ढिगावरून वह्या उचलल्या त्या घरातील सुनेने. ती नगर जिल्ह्यातील मारवाडी जैन कुटुंबातील मुलगी, मराठी शाळेत शिकलेली. लग्नानंतर गुजराती तिने कानाने आत्मसात केली होती. लिपी मात्र कधी शिकली नव्हती. ती सासूबाईंना म्हणाली, “बा, तुम्ही वाचा. मी ऐकते आणि मराठीत लिहिते.” बा हसल्या. न वाचता येणाऱ्या भाषेतून कोणी पुस्तक उतरवते का, असा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा सुनेने पुण्यातील एका जोडप्याची हकीकत त्यांना सांगितली. ते जोडपे म्हणजे उमा कुलकर्णी आणि विरूपाक्ष कुलकर्णी.

मराठी वाचकांना उमा कुलकर्णी हे नाव नवे नाही. त्यांचा जन्म बेळगावचा. बेळगावात दोन्ही भाषा रस्त्यावर, बाजारात, शेजारी कानांवर पडतात. पण त्यांचे घर आणि शिक्षण मराठी. विवाह झाला तो कन्नड मातृभाषा असलेल्या विरूपाक्षांशी. सासरी कन्नड ऐकत-बोलत ती भाषा त्यांच्या अंगवळणी पडली. लिपीशी मात्र मैत्री नव्हती. १९७७ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार शिवराम कारंत यांना ‘मूकज्जीय कनसुगळु’ या कादंबरीसाठी मिळाला. एवढा मोठा सन्मान ज्या पुस्तकाला मिळाला त्यात आहे तरी काय, हे जाणण्याची उत्सुकता घरातच होती आणि ते वाचून दाखवणारा माणूसही घरातच होता. विरूपाक्षांनी वाचावे, उमाताईंनी ऐकावे आणि जे ऐकले ते मराठीत वहीत उतरवावे, असा क्रम सुरू झाला. त्यामागे कारकीर्द घडवण्याचा विचार नव्हता. एका घरात दोन भाषा नांदत होत्या आणि एकीतील चांगले दुसरीला कळावे, एवढीच इच्छा होती.

पुढे या क्रमाला शिस्त आली. विरूपाक्ष नोकरी सांभाळून कन्नड पुस्तक मोठ्याने वाचत आणि ते ध्वनिफितीवर नोंदवून ठेवत. दिवसा उमाताई ती फीत लावून ऐकत, थांबवत, पुन्हा मागे नेत आणि मराठी वाक्य लिहीत. शंका आली की संध्याकाळी चर्चा. आज मोबाइलमध्ये आवाज साठवणे हा मुलांचा खेळ झाला आहे. त्या काळी कॅसेटची कळ दाबत, तीच ओळ पुनःपुन्हा ऐकत शेकडो पानांची कादंबरी उतरवणे म्हणजे काय परिश्रम असतील, याची कल्पना ज्यांनी जुन्या पद्धतीने रोजमेळ लिहिला आहे त्यांना सहज येईल. एक आकडा हुकला की सारी बेरीज पुन्हा.

या पद्धतीत एक गुण आपोआप आला. पुस्तक डोळ्यांऐवजी कानांतून आत आल्यामुळे पात्रांचे बोलणे हे बोलणेच राहिले. कोण कोणाला कसे हाक मारते, कोणत्या शब्दावर आवाज जड होतो, कोठे माणूस वाक्य अर्धे सोडतो, हे वाचणाऱ्याच्या स्वरातून ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत असे. अण्णा, अक्का, अज्जी हे शब्द दोन्ही भाषांना जवळचे. पण जवळचे शब्दच अनुवादकाला अधिक फसवतात. दिसायला सारखे, वापर निराळा. तेथे कन्नड घरात वाढलेला जोडीदार हाताशी असणे ही फार मोठी ठेव होती.

या भागीदारीतून उभे राहिलेले काम पन्नासहून अधिक पुस्तकांचे आहे. शिवराम कारंत, एस. एल. भैरप्पा, गिरीश कर्नाड असे कन्नडमधील थोर लेखक मराठी घरांत पोहोचले ते बहुतांशी या वाटेने. कर्नाड यांचे आत्मचरित्र ‘खेळता खेळता आयुष्य’ या नावाने मराठीत आले, तेही उमाताईंच्याच लेखणीतून. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’ या कादंबरीच्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा १९८९ सालचा अनुवाद पुरस्कार मिळाला. महाभारतातील चमत्कार बाजूला ठेवून माणसांची कथा सांगणारे भैरप्पांचे ‘पर्व’ मराठीत इतके रुजले की अनेक वाचकांना हा लेखक मूळचा मराठीच वाटतो. विरूपाक्षही केवळ वाचून दाखवणारे नव्हते. त्यांनी उलट दिशेने, मराठीतून कन्नडमध्ये पुस्तके नेली. म्हणजे या पेढीवर आवक आणि जावक दोन्ही होती. उमाताईंनी स्वतंत्र लेखनही केले. ‘केतकर वहिनी’ हे त्यांचे पुस्तक अनेकांच्या संग्रही असेल. आपल्या या सर्व वाटचालीची कहाणी त्यांनी ‘संवादु अनुवादु’ या आत्मकथनात सांगितली आहे. संवाद आणि अनुवाद हे दोन शब्द शेजारी ठेवण्यातच त्यांची पद्धत आली.

कन्नडमधून मराठीत येणाऱ्या या वाटेवर जैन वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही, कारण ती वाट फार पूर्वी आपल्याच पूर्वसूरींनी मळलेली आहे. कन्नड साहित्याची ‘रत्नत्रयी’ म्हणून गौरवले जाणारे पंप, पोन्न आणि रन्न हे तिन्ही कवी जैन परंपरेतले. पंपाने इ. स. ९४१ मध्ये आदिपुराण रचले, ते प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांचे चरित्र. त्याच शतकात ‘दानचिंतामणी’ अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्नाच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रांवर लिहवून घेऊन वाटल्या. मुद्रणकलेचा मागमूसही नसताना एका स्त्रीने ग्रंथप्रसाराचा हा व्यवहार केला, याचा अभिमान प्रत्येक जैन घराने बाळगावा.

आणि श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या चरणांजवळ काय कोरलेले आहे? ही मूर्ती चावुंडरायाने करविली, हे एकच विधान तेथे कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे आणि मराठीतही आहे. मराठी भाषेच्या जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. दूरदूरच्या प्रदेशांतून येणाऱ्या यात्रेकरूंना आपापल्या बोलीत कळावे, हाच तीन भाषांत कोरण्याचा हेतू असला पाहिजे. कन्नड आणि मराठी यांच्यातील हा एका ओळीचा अनुवाद शतकानुशतके ऊन-पाऊस सोसत उभा आहे. योगायोग असा की भैरप्पांचे जन्मगाव संतेशिवर हे ज्या चन्नरायपट्टण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात श्रवणबेळगोळही आहे.

भैरप्पांची ‘सार्थ’ ही कादंबरीही उमाताईंनी मराठीत आणली. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. आठव्या शतकातील एक विद्वान व्यापाराची गुपिते जाणण्यासाठी तांड्याबरोबर निघतो आणि वाटेत त्याला निरनिराळ्या विचारांची माणसे भेटतात, अशी ती कथा. सार्थ आणि सार्थवाह हे शब्द आपल्या कानांना ओळखीचे आहेत. भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची कथा धन सार्थवाहापासूनच सुरू होते. तो तांडा घेऊन निघाला. पावसाळ्यामुळे वाटेत अडकला. बरोबर असलेल्या आचार्य धर्मघोषसूरींच्या संघाची विचारपूस राहून गेली म्हणून त्याला खेद झाला आणि त्याने भावपूर्वक घृतदान केले. सार्थवाह केवळ स्वतःचा माल नेत नसे. ज्यांना एकट्याने वाट चालणे शक्य नाही अशांना तो सांभाळून पलीकडे पोहोचवीत असे. अनुवादकाला याहून नेमका शब्द सापडणे कठीण आहे.

पण सांभाळून पोहोचवणे म्हणजे काय? येथे आपल्या शास्त्रातील एक गोष्ट फार उपयोगी पडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील दोन प्रत्यक्ष बाजारातले आहेत. एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना आणि देताना माप कमी-जास्त करणे. दुसरा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सल मालात नक्कल मिसळून ती अस्सल म्हणून खपवणे. लेखकाने लिहिलेले अवघड वाटले म्हणून गाळणे हे पहिल्या प्रकारात येते. आपल्याला सुचलेले सुंदर वाक्य लेखकाच्या तोंडी घालणे हे दुसऱ्या प्रकारात. वाचकाकडे मूळ पुस्तक नसते. त्याला तपासता येत नाही. ज्याला तपासता येत नाही त्याच्याशी माप पूर्ण ठेवणे, यातच अचौर्याची कसोटी आहे.

ही काळजी केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. चेक ही साधारण एक कोटी लोकांची भाषा. तिचे लेखक जगाला कळतात ते प्रामुख्याने इंग्रजीसारख्या मोठ्या भाषांतील अनुवादांतून. मिलान कुंदेरा यांची पहिली कादंबरी ‘झेर्ट’, म्हणजे ‘थट्टा’, १९६७ साली प्राग येथे प्रसिद्ध झाली. १९६९ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या तिच्या इंग्रजी आवृत्तीत काही मजकूर कापला गेला आणि प्रकरणांची मांडणीही बदलली गेली. लेखकाने जाहीर निषेध केला. त्यानंतर वेगवेगळ्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि लेखकाच्या पूर्ण संमतीची इंग्रजी आवृत्ती यायला १९९२ साल उजाडले. एका पुस्तकाचे माप पूर्ण भरायला तेवीस वर्षे लागली. याउलट प्रामाणिक अनुवाद काय करू शकतो, हे जैन समाजाने स्वतः अनुभवले आहे. जर्मन पंडित हरमान याकोबी यांनी आचारांग आणि कल्पसूत्र १८८४ मध्ये, तर उत्तराध्ययन आणि सूत्रकृतांग १८९५ मध्ये इंग्रजीत आणले. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे हा तेव्हाचा गैरसमज दूर होण्यात याकोबींच्या या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

काल्हेरच्या घरात वह्यांचे काम सुरू झाले ते याच पद्धतीने. दुपारचे जेवण आटोपले की बा चष्मा लावून वाचत, मोबाइलमध्ये आवाज साठत जाई आणि रात्री नातवंडांचा अभ्यास झाल्यावर सून ते ऐकत मराठीत लिहून काढी. पहिल्या तीन वह्या सुरळीत झाल्या. नवकाराचा अर्थ, बारा भावना, श्रावकाची बारा व्रते. नातवंडे अधूनमधून ऐकायला बसू लागली. वर्षानुवर्षे प्रतिक्रमणात ज्यांचे उच्चार पाठ होते त्या प्राकृत सूत्रांना अर्थही आहे, हे त्यांना आजोबांच्या टिपणांतून प्रथमच कळत होते.

चौथ्या वहीत मात्र वाचता वाचता बा थांबल्या. त्या पानावर प्रवचनाचे टिपण अर्धेच होते. विषय अचौर्याचा होता. खाली सासऱ्यांनी स्वतःबद्दल लिहिले होते. धाकट्या भावाशी पेढीची वाटणी झाली त्या दिवशी सुताचे भाव चढल्याची खबर त्यांना सकाळीच मिळाली होती. गोदामातील सुताची किंमत त्यांनी जुन्याच भावाने धरली आणि भावाला काही सांगितले नाही. त्यानंतर दरवर्षी संवत्सरीला ते भावाला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत आले; पण या गोष्टीसाठी एकदाही म्हटले नाही, अशी ती कबुली होती.

बांनी वही मिटली. दोन दिवस त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, “वह्या प्रवचनांच्या आहेत. एक पान गाळले तर कोणाचे काय बिघडणार आहे?” त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. काका ऐंशीच्या घरात, दोन्ही कुटुंबांचे येणे-जाणे सुरळीत, आणि लिहिणारा माणूस आता उत्तर द्यायला नाही. वडिलांच्या नावाला लागणारा डाग मुलाने का म्हणून स्वतःच्या हाताने उघडा करावा? सून एवढेच म्हणाली, “ते पान काढले तर ती वही पप्पांची राहणार नाही. माझी होईल.”

निर्णय बांनी घेतला. त्या म्हणाल्या, “जसे आहे तसे लिही. माल त्यांचा आहे, आपला नाही.” आणि त्यांनी ते पान पुन्हा उघडून, आवाज न कापू देता, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

संवत्सरीच्या आधी चौथ्या वहीची मराठी प्रत काकांकडे गेली. ती घेऊन मुलगा स्वतः गेला. काकांनी ती वाचली आणि मूळ वही मागवून घेतली. त्यांना गुजराती वाचता येते. भावाच्या अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी ते पान संपवले आणि मराठी प्रतीशी एकेक ओळ ताडून पाहिली. मग म्हणाले, “बरोबर उतरवले आहे.” वाटणीबद्दल ते त्या दिवशी काही बोलले नाहीत आणि नंतरही बोललेले नाहीत. निघताना त्यांनी पुतण्याला इतकेच विचारले की उरलेल्या वह्या केव्हा पूर्ण होणार. त्यांच्याही नातवंडांना गुजराती वाचता येत नाही.

उमाताई आणि विरूपाक्ष यांच्या कामाची मोजदाद पुस्तकांच्या संख्येने होते, पुरस्कारांनी होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु त्यांनी दाखवलेला मार्ग प्रत्येक घराला खुला आहे, हे त्याहून मोलाचे आहे. एकाला वाचता येते, दुसऱ्याला लिहिता येते. दोघांनी मिळून बसायचे आणि माप पूर्ण ठेवायचे. आपल्या कितीतरी घरांत महाजनी, गुजराती, मोडी किंवा जुन्या कन्नड लिपीत लिहिलेले कागद बासनांत पडून आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे सत्तरी-ऐंशीची आहेत. व्यापारी माणसाला उधारीची मुदत कळते. ही मुदत फार उरलेली नाही.

काल्हेरच्या घरी सातपैकी पाच वह्या पूर्ण झाल्या आहेत. सहावी सुरू आहे. बांच्या डोळ्यांवर आता ताण येतो, म्हणून दिवसाला दोनच पाने होतात. नववीत शिकणाऱ्या नातीने मात्र या सुट्टीत आजीकडून गुजराती लिपी शिकायला सुरुवात केली आहे. सातवी वही ती वाचणार आहे.